धाकटीने वाटलेले ड्रम

वसई-विरारमध्ये घर आहे आणि घरात निळा ड्रम नाही, असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. नळाला पाणी येतं तेव्हा येतं, टँकर आला की पाण्याच्या आधी भांडण येतं, म्हणून प्रत्येकाच्या मोरीत, पडवीत, नाहीतर जिन्याखाली एक तरी पोटाएवढा उंच निळा ड्रम उभा असतोच. विरारला बिल्डिंगीत राहणाऱ्या माझ्या लेकीनं तो बेडरूमच्या गॅलरीत ठेवलाय आणि वर फुलाफुलांचं कव्हर घातलंय. आमच्या कोळीवाड्यात तर त्याचे उपयोग विचारूच नका. पाणी, बर्फ, खारवलेले बांगडे, जाळी, आणि मे महिन्यात नातवंडांना डुंबायला. तेव्हा कोणी चांगला रिकामा ड्रम दिला, तर का देतोस बाबा असं आमच्यात कोणी विचारत नाही. घ्यायचा, जाड्या मिठानं घासायचा, उन्हात पालथा घालायचा आणि भरायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे पोलिसांना हेच सांगताना आमच्या घशाला कोरड पडली आणि त्यांना ते पटायला फार वेळ लागला.

ही हकिकत माझ्या धाकट्या जावेची आहे. मी तिला धाकटीच म्हणते, सगळी गल्लीही तिला धाकटीच म्हणते, आता तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे झालेत तरी. दीर गेला, त्याची होडी विकली गेली, एकुलता एक लेक परदेशी जहाजावर खलाशी आहे. घरात ती एकटी. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीलाही मागच्या बाजूला दार पाडलेलं.

तिच्या स्वभावाचं काय सांगू? तिच्या घरात आलेली वस्तू तिच्या घरात राहत नाही. लेकानं जहाजावरून साबण आणले, गल्लीभर साबण. कोणाच्या बागेतली केळी आली, प्रत्येक दारात दोन-दोन केळी. देशावरच्या बायका याला वानवळा म्हणतात असं मी वाचलंय, आमच्यात त्याला नावच नाही, तशी रीतच आहे. पण धाकटी रीतीच्याही पलीकडे. नाताळात मी तिला दिलेली साडी ईस्टरला समोरच्या घरातल्या बाईच्या, आमच्या समोरचीच्या अंगावर पाहिली. मी म्हटलं, "अगं, ही मी तुला दिली होती!" तर म्हणते, "बाय, तिचा रंग बघ नं कसा खुलतोय. तुला वाईट वाटलं तं मी माझी दुसरी तुला देते." आता अशा बाईवर रागवायचं तरी कसं?

धाकटीकडे एक गाळा होता. गावाच्या टोकाला, खाडीकडे जाणाऱ्या नाल्याच्या काठावर, पत्र्याचा, लांबलचक. दीर असताना तिथं सुकी मासळी ठेवायचे. तो गेल्यावर कुलूप लागलं. मग एक दिवस माणिकपूरकडचा एक एजंट आला. जागा भाड्यानं हवी आहे म्हणाला, फिनेल बनवायला. बरोबर भाडेकरू होता. चाळिशीचा, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला इतका गोड की मी मनात म्हटलं हा नक्की विमा विकत असेल. त्यानं जागा पाहिली आणि बाहेर येऊन उभा राहिला. बाहेर आमच्या बोंबलांच्या वलांड्या होत्या, म्हणजे बांबूचे आडवे मांडव, त्यांवर जोडीजोडीनं बोंबील लटकत होते. नवखा माणूस तिथं आला की पहिल्यांदा नाकाला रुमाल लावतो. यानं लावला नाही. त्यानं मोठा श्वास घेतला, वास जणू तपासून पाहिला, आणि म्हणाला, "जागा मस्त आहे, मावशी. ये जगह परफेक्ट है."

मला तेव्हा वाटलं, किती चांगला माणूस, आमच्या वासाला नाक मुरडत नाही.

फिनेलवाले आले. तीन-चार माणसं असायची, कोणाशी बोलायची नाहीत. पंखे मोठे मोठे लावले. टेम्पोतून भरलेले ड्रम यायचे आणि रिकामे झाले की गाळ्याच्या मागे साठायचे. चष्मेवाला अधूनमधून यायचा, धाकटीच्या पडवीत बसायचा. तिनं त्याला जेवू घातलं नाही असं कधी झालं नाही. कोळंबीचं कालवण त्यानं बोटं चाटून खाल्लं. लेकाची चौकशी करायचा, जहाज आता कुठे आहे, घरी कधी येतो. धाकटी डोळे पुसत सगळं सांगायची. एकदा तोच म्हणाला, "मावशी, मागे ते ड्रम पडलेत. भंगारवाल्याला देण्यापेक्षा तुमच्या लोकांना होतील."

मग काय विचारता! धाकटीनं दुसऱ्या दिवशी सकाळीच ढकलगाडी आणली. एकेक ड्रम लोळवत प्रत्येक दारात. पाण्याचे दिवस होते, बायका खूश. समोरचीला दोन दिले, कारण तिच्याकडे सुना दोन. कोपऱ्यावरच्या क्रुसापाशी आम्ही संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला बसतो, तिथं फुलझाडांना पाणी घालायलाही एक ठेवला. मला सगळ्यात चांगला, झाकणाचा. स्वतःला मात्र ठेवला चीर गेलेला. त्यात पाणी राहीना, म्हणून तिनं त्यात मीठ भरलं आणि बांगडे खारवले.

माझ्या ड्रमाला वास होता. मी दोनदा घासला, तिसऱ्यांदा राखेनं घासला. वास जाईना. पिण्याला नको म्हटलं, कपड्यांना वापरूया. त्या पाण्यानं धुतलेल्या चादरीवर झोपलं की डोळ्यांची आग व्हायची. मी धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "फिनेलचा ड्रम तो, फिनेलचाच वास येनार. तुझ्या चादरी निर्जंतू झाल्या बघ." आणि हसली. मीही हसले.

हसू थांबलं ते निवट्यांमुळे. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी बोटभर मासळी. ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी पोरीबाळी त्या धरायला जातात. त्या वर्षी तिथं गेलेल्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परत आल्या. मी जाऊन पाहिलं. गाळ्याच्या मागच्या पाइपापासून खाली खाडीपर्यंत चिखल हलतच नव्हता. निवट्या पांढरी पोटं वर करून पडलेल्या, आणि त्यांना बगळासुद्धा शिवत नव्हता. एवढ्या सगळ्या मेलेल्या मासळीवर एकही पक्षी नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी तशीच मागे फिरले. घरी येऊन धाकटीला म्हटलं, "तुझ्या भाडेकरूला विचार, काय सोडतोय नाल्यात?"

तिनं विचारलं. तो म्हणाला, "सॉरी मावशी, पोरं नवीन आहेत, मी बघतो." आणि त्यानंतर तो आलाच नाही. माणसंही येईनाशी झाली. गाळ्याला मोठं कुलूप.

त्यानंतर काही दिवसांनीच, सकाळी आम्ही बोंबील उलटेपालटे करत होतो, तेव्हा गाड्या आल्या. आधी आमच्या पोलीस ठाण्यातली ओळखीची जीप. मागे दुसरी, वेगळ्या रंगाची. मग साध्या कपड्यातल्या माणसांच्या दोन मोटारी, पाटी नसलेल्या. मग अग्निशमनचा बंब, आणि शेवटी एक पांढरी गाडी, तिच्यातून उतरलेल्या माणसांनी रस्त्यातच पांढरे अंगरखे आणि तोंडाला नळीचे मुखवटे चढवले. एवढ्या खात्यांची माणसं एका जागी मी फक्त पुराच्या वेळी पाहिली होती. नंतर कळलं ते असं, की कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यात एक गाडी पकडली गेली होती. माल एकाच्या हद्दीत, गाडी दुसऱ्याच्या, कारखाना तिसऱ्याच्या, म्हणून सगळ्यांची मिळून एक तुकडी केलेली. आमच्या जिल्ह्याचे पोलीस, अमली पदार्थवाले, दिल्लीच्या हुकमाचे, रसायनं तपासणारे. त्या तुकडीची प्रमुख एक बाई होती. साधा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले. आम्ही तिला साहेबबाई म्हणायला लागलो.

"गाळ्याची मालकीण कोण?" तिनं विचारलं.

"मी," धाकटी बोंबलाचे हात पदराला पुसत पुढे झाली. बंबाकडे बघून घाबरली. "आग लागली काय?"

"आत कोण आहे?"

"कोन नाय. फिनेलवाले गेलेत. चावी त्यांच्याकडंच."

"फिनेल," साहेबबाई एवढंच म्हणाली.

कुलूप तोडलं. दार उघडल्याबरोबर आतून जो भपकारा आला त्यानं पुढचा शिपाई मागे हटला. आम्हाला लांब उभं केलं. पांढरे अंगरखेवाले आत गेले. मग त्यांच्यातला एक बाहेर आला, मुखवटा वर केला, वलांड्यांकडे बघितलं, आणि साहेबबाईला म्हणाला, "जागा बरोबर निवडली होती मॅडम. इथं दुसरा वास कोणाला येणार?"

मला एकदम तो चष्मेवाला आठवला, बोंबलांपुढे उभा राहून छाती भरून श्वास घेणारा.

आत एमडी बनत होतं, नशेची पावडर. पेपरात वाचलेला शब्द. शाळा-कॉलेजची पोरं त्याच्यानं वाया जातात हे ऐकलेलं, पण ते कुठे तरी लांब मुंबईत, पबात वगैरे होतं असं माझं मत होतं. ते माझ्या जावेच्या गाळ्यात, दिराच्या सुक्या मासळीच्या जागेत, ढवळून तयार होत होतं.

मग धाकटीच्या दारात विचारपूस सुरू झाली. एकानं विचारलं, भाडेकरू कधी आला, कोणी आणला? धाकटीनं सांगितलं. दुसऱ्या खात्याचा आला, तेच. तिसऱ्याचा आला, तेच. भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायची असते, ती दिली होती का? नाही. एजंट देतो म्हणाला होता. एजंटचा फोन? बंद. चौथा आला तेव्हा धाकटी वैतागून म्हणाली, "तुम्ही सगळे एकत्रच आलात नं? तं एकमेकांना सांगा की! मी चहा टाकते तोवर."

तो हसला नाही. चहाही कोणी घेतला नाही. धाकटीच्या दारात आलेल्या माणसानं चहा नको म्हणणं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला कळलं की ही साधी चौकशी नाही.

त्यातला एक जण उन्हातून सावलीला म्हणून माझ्या पडवीत आला. ड्रमाला टेकला. मग वळून ड्रमाकडे बघायला लागला. ड्रमावरचं कागदी लेबल पांढरा रंग फासून खोडलेलं होतं, गाळ्यातल्या ड्रमांवर होतं तसंच. त्यानं मला काही विचारलं नाही. सरळ समोरच्या घराकडे बघितलं. तिथं दोन. बाजूला एक. क्रुसापाशी एक.

त्यानं साहेबबाईला हाक मारली. ती गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि तिनं गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. ज्या गल्लीत मी लग्न होऊन आले, ती मला त्या क्षणी तिच्या डोळ्यांनी दिसली. दाराला लागून दार, आणि प्रत्येक दाराशी गुन्ह्यातला एक निळा ड्रम.

मग त्यांनी एकेक घर तपासायला घेतलं.

"हा ड्रम कुठून आणला?"

"धाकटीनं दिला," समोरची म्हणाली.

"हा?"

"तोपण तिनंच. अहो, ती देतेच. कायपण असलं की आधी आम्हाला."

"आणखी काय काय दिलं?"

"खूप दिलंय हो. किती म्हणून सांगू?"

समोरची अगदी कौतुकानं सांगत होती. पुढच्या घरातही तेच, त्याच्या पुढच्या घरातही तेच. तिनं दिला. स्वतः आणून दिला. पैसे घेतले नाहीत. आम्ही कोणी मागितलाच नव्हता. एकेक बाई खरं बोलत होती, आणि प्रत्येक खऱ्या बोलण्यानं धाकटी जास्त जास्त बुडत होती. लिहून घेणारा मान खाली घालून लिहीत होता. पुढे ते आम्हाला वाचून दाखवलं तेव्हा त्यात होतं की सदर महिलेने ड्रमांचे परिसरात वितरण केले. आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

माझी पाळी आली. मी दोन पावलांवर उभ्या असलेल्या धाकटीकडे बघितलं नाही. मनात ठरवलं होतं, भंगारवाल्याकडून घेतला म्हणायचं. निदान एक ड्रम तरी तिच्या नावावरून कमी होईल. तोंड उघडलं आणि म्हटलं, "हा ना, हा मी—"

"बाय," धाकटी मागून म्हणाली, "खरं सांग. तू खोटं बोललीस तं माझं खरंपन खोटं ठरंल."

मी खरं सांगितलं. आणि तिला जीपमध्ये बसवलं. बाई शिपाई होती, तिनं दंडाला धरलं, जोरात नाही, पण धरलं. गाडी निघताना धाकटीनं काच खाली करून मला सांगितलं, बोंबील उचल, दव पडायच्या आत.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. गल्लीतले सगळे ड्रम उचलून नेले. आमच्या सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या, क्रुसाभोवतीची माती खणून नेली. संध्याकाळी रोझरीला बसलो की कोणी कोणाकडे बघायचं नाही. समोरची रडून रडून सुजली. "मी चांगलंच बोलले गं तिच्याबद्दल," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची. वकील म्हणाला, या कायद्यात जागा देणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. माहीत होतं की नव्हतं, हाच प्रश्न. माहीत नव्हतं हे सिद्ध कसं करायचं, ते त्यालाही सांगता येईना. धाकटीची सगळी म्हातारी वर्षं तुरुंगात जाणार, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

साहेबबाई एकदा माझ्याकडे आली. एकटीच. धाकटीचं घर उघडायला लावलं. मोरीपाशी तो चिरलेला ड्रम होता. त्यांच्या माणसांनी तो पहिल्या दिवशी मिठाचा डबा समजून सोडला असावा. झाकण काढून तिनं आत पाहिलं.

"हे काय?"

"खारवलेले बांगडे. तिच्या जेवणातले."

"ती हे खात होती?"

"रोज. लेक येणार आहे, त्याच्यासाठीपण ठेवलेत. त्याला फार आवडतात."

साहेबबाईनं झाकण परत लावलं. मग तिनं माणसं बोलावून तोही नेला. तपासणी झाली असणार, कारण धाकटीला सोडलं. साहेबबाईनं मला नंतर सांगितलं ते सरळ होतं. त्या ड्रमात आधी काय होतं हे जिला माहीत असतं, तिनं त्यात पोटच्या पोरासाठी मासे घातले नसते.

धाकटी घरी आली. वाळली होती. साहेबबाईच सोडायला आली होती.

"म्हणजे मी सुटले?" धाकटीनं विचारलं.

साहेबबाई म्हणाली, "आरोपी म्हणून सुटलात, आजी. आता तुम्ही साक्षीदार. त्याच्याशी व्यवहार केलेल्या, त्याला जवळून पाहिलेल्या तुम्ही एकट्याच आहात. एजंट सापडत नाही, कामगार बोलत नाहीत."

"तो सापडला?"

"सापडला. पण तो एकटा नाही. त्याच्या वर माणसं आहेत." मग ती दाराची कडी हलवून पाहत म्हणाली, "ही कडी बदलून घ्या."

ओळख परेडला मी तुरुंगाच्या फाटकापर्यंत गेले होते. धाकटी आत गेली, बाहेर आली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "सगळ्यांना सारखेच चष्मे घातले होते. मी त्याच्यापुढं उभी राहिले. बोट दाखवलं. त्यानं मान हलवली, बाय. आपन फिशमार्केटात ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं की हलवतो नं, तशी."

आणि मग फोन सुरू झाले. शिवीगाळ नाही, धमकी नाही. कधी एक आवाज, कधी दुसरा. "मावशी, तब्येत सांभाळा." "मावशी, एकट्या असता, दार लावत जा." एकदा फक्त लेकाच्या जहाजाचं नाव सांगितलं, आणि ते कोणत्या बंदराला लागलंय ते, आणि फोन ठेवला. त्या बंदराचं नाव धाकटीला स्वतःला दोनच दिवस आधी कळलं होतं. ती भिंतीतल्या दारानं माझ्याकडे आली आणि जमिनीवर बसली. साहेबबाईला कळवलं. तिनं फोन तपासायला नेला, लेकाच्या कंपनीशी बोलली, एक हवालदार गल्लीच्या तोंडाशी बसवला. हवालदार भला माणूस होता, पण त्याला रात्री घर होतं, दुपारी भूक होती.

गल्लीतली माणसं वाईट नाहीत. पण ती घाबरली. धाकटीच्या पडवीत आता कोणी बसेना. समोरचीचे मालक, म्हणजे तिचा नवरा, सरकारी नोकरीत कारकून होते, कोर्टाचं त्यांना कळतं असा त्यांचा समज. ते एकदा मुद्दाम आले.

"वहिनी, माझं ऐका. कोर्टात उभ्या राहा, आणि म्हणा, वय झालंय, आठवत नाही. झालं. तुमच्यासारख्या म्हातारीला कोण काय करणार?"

"पन मला आठवतंय की," धाकटी म्हणाली.

"अहो, आठवतंय हो! पण आठवत नाही म्हणायला काय लागतं?"

"आनि साहेबबाईचं काय?"

"तिची उद्या बदली होईल. तुम्ही इथंच राहणार. लेकाचा विचार करा."

ते गेल्यावर धाकटी मला म्हणाली, "त्यांचं बोलनं बरोबर आहे नं, बाय?" मी ताटं वाढायला घेतली. बरोबर आहे असं मलाही आतून वाटत होतं, आणि तसं तोंडानं म्हणण्याची लाज वाटत होती. तिनंही पुन्हा विचारलं नाही. कोर्टाची तारीख लागेपर्यंत आम्ही दोघी एका खोलीत झोपलो, एका चुलीवर जेवलो, आणि ती काय सांगणार आहे याबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही. ती शिकलेली नाही, मी तरी थोडंफार वाचते, पण अशा वेळी वाचलेलं काही उपयोगी पडत नाही. मी फक्त एवढं बघत होते की ती जेवते का. ती अर्धं जेवायची.

साहेबबाईची बदली खरंच झाली. नवे साहेब आले, चांगले होते, पण त्यांनी धाकटीला नाव विचारलं.

वसईच्या कोर्टात आम्ही सकाळीच जाऊन बसलो. व्हरांड्यात बाकडी भरलेली. बरोबरचा हवालदार म्हणाला, "मावशी, पुकारा व्हायला वेळ आहे, मी चहा घेऊन येतो," आणि गेला. थोड्या वेळानं पोलीस चष्मेवाल्याला घेऊन आमच्या समोरून गेले. शर्टाची इस्त्री तशीच. त्यानं आमच्याकडे बघितलं नाही. पण त्याच्या मागे चार-पाच जण आले होते, चांगल्या घरचे वाटतील असे, अंगाला अत्तराचा वास, त्यांनी बघितलं. त्यातल्या एकानं बाकावर जागा अडवून बसलेल्या पोराला उठवलं आणि धाकटीला म्हणाला, "इथं बसा ना मावशी, पंख्याखाली. तुम्हाला उकडत असेल."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको बाबा. मी हाय तिथं बरी हाय." आणि तिनं माझा हात हातात घेतला.

पुकारा झाला. तिचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, मी कित्येक वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती उठली. कपाळ, छाती, खांदे, क्रुसाची खूण केली. पदर नीट केला आणि आत गेली. मला आत घेतलं नाही. दार मात्र नीट लागत नव्हतं, फटीतून आवाज येत होता. वकिलाचं बराच वेळ चाललं, मला एक अक्षर कळेना. मग त्यानं मोठ्यानं विचारलं, "समोरच्या पिंजऱ्यातल्या इसमाला आपण ओळखता का?"

मी बाकावर पुढे सरकले. आठवत नाही, हे समोरचीच्या मालकांचे शब्द ऐकू येण्याची मी वाट बघत होते. देवाशपथ, ते यावेत असंही वाटत होतं.

मग धाकटीचा आवाज आला. जन्मभर बाजारात मासळीच्या पाट्या पुकारलेला आवाज तो, व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू गेला. "ओळखते. माझ्या पडवीत बसून जेवलाय तो. गाळा त्याला मीच दिला."

व्हरांड्यातल्या त्या माणसांपैकी एकानं फोन काढला आणि जिन्याकडे गेला. मघाशी जागा देऊ करणारा अत्तरवाला मात्र सावकाश चालत आला आणि माझ्या शेजारी, धाकटी उठलेल्या जागेवर बसला. हवालदार अजून चहालाच होता. त्या माणसानं पायावर पाय टाकला, माझ्याकडे हसून बघितलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण, काकू?"

'कोणी नाही' असं म्हणता आलं असतं. नुसतीच सोबत आले, शेजारीण आहे, असं काहीही. जीभ तिकडे वळलीही होती.

"थोरली जाऊ," मी म्हटलं. "एकत्रच राहतो आम्ही."